ले-आऊटमध्ये प्लॉट, घर आणि शेजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, कोणत्याही जिल्ह्यात जा. तालुक्याच्या गावात शिरण्याआधीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट दिसू लागतात. दोन वर्षांमागे तिथं पऱ्हाटी उभी असायची. आता मुलांच्या शाळेसाठी खेड्यावरून आलेली कुटुंबं, निवृत्त गुरुजी, एसटीचे वाहक, दवाखान्यातल्या सिस्टर, कापसाच्या पैशातून एक तरी प्लॉट घेऊन ठेवलेले शेतकरी अशी वस्ती तिथं उभी राहते. मी अशाच एका ले-आऊटमध्ये, म्हणजे वावराचे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, राहतो आणि रहिवाशांच्या समितीचं काम पाहतो. प्लॉट घेणारे, घर बांधणारे आणि नवे शेजारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात, त्यांची उत्तरं इथं लिहिली आहेत.

प्लॉट घेण्याआधी पहिला कागद कोणता पाहायचा?

मंजूर नकाशा. सातबारा त्याच्यानंतर, भावाची बोलणी तर सगळ्यात शेवटी. रंगीत पत्रकावर छापलेला, झाडं आणि कारंजी काढलेला नकाशा हा मंजूर नकाशा नव्हे. खऱ्या नकाशावर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का, सही, आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते. गट क्रमांक, प्रत्येक प्लॉटची लांबी-रुंदी, रस्त्यांची रुंदी, ओपन स्पेस म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा, नाला, जुनी विहीर, वरून जाणारी विजेची तार हे सगळं त्यावर दाखवलेलं असतं.

तो नकाशा हातात घेऊन जागेवर जा आणि सोबत टेप न्या. रस्ता ९ मीटरचा लिहिला असेल तर तो साडेएकोणतीस फूट भरला पाहिजे. अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंच्या कुंपणांनी तो बावीस-तेवीस फुटांवर आणलेला असतो. नकाशात नाला आहे आणि जागेवर सपाट मुरूम दिसतो, तर तो नाला बुजवला आहे. पावसाळ्यात पाणी जुनीच वाट धरणार आणि त्या वाटेवर तुमचं घर असू शकतं. शक्य असेल तर प्लॉट जुलै-ऑगस्टमध्ये पाहावा. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात.

सातबाऱ्यावर नेमकं काय वाचायचं?

लोक मालकाचं नाव आणि क्षेत्र पाहून समाधान मानतात. त्यापेक्षा भोगवटादाराचा वर्ग आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना महत्त्वाचा. वर्ग १ असेल तर साधारणपणे विक्रीला आडकाठी नसते. वर्ग २ म्हणजे शासनानं अटींवर दिलेली जमीन; ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासी व्यक्तीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हे विशेष तपासा, आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे जाऊन वाचा, कारण मधल्या एखाद्या व्यवहारात ही अट मोडलेली असेल तर पुढचे सगळे व्यवहार डळमळीत होतात.

विदर्भात आणखी तीन प्रकारच्या जमिनी आडव्या येतात, ज्यांची पुण्या-मुंबईकडच्या वकिलांना सवय नसते.

पहिली भूदानाची. विनोबाजींची चळवळ १९५१ साली सुरू झाली तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, म्हणून इथल्या भूदान जमिनींना १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू झाला. ही जमीन भूमिहीनाला कसण्यासाठी दिलेली आहे. तिच्यावर प्लॉट पाडून विकणं म्हणजे दान देणाऱ्यानं ज्याच्यासाठी दिली त्याचाच घास काढणं, आणि असा व्यवहार कायद्यातही टिकत नाही.

दुसरी झुडपी जंगलाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर अशी नोंद असलेली मोठी जमीन आहे. जागेवर एकही झाड नसेल, ढोरं चरत असतील, तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच मानायचं असं स्पष्ट केलं आहे. गटाला लागून अशी जमीन असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्द पक्की करून घ्या.

तिसरी नझूल, म्हणजे शासनानं पट्ट्यानं दिलेली गावाजवळची जमीन. इथं मुदत कधी संपते आणि पट्ट्याच्या अटी काय आहेत ते विचारायचं.

‘एनए (अकृषक) झालेलं आहे’ असं सांगतात. तेवढं पुरे का?

पुरे नाही. अकृषक आदेश वेगळा, ले-आऊटची मंजुरी वेगळी, आणि त्यानंतर मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक निघून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा तयार होणं हे तिसरं. तिन्ही झालं असेल तर खरेदीखत नोंदवायला आणि बँकेचं कर्ज मिळवायला त्रास होत नाही. विकणारा ‘पुढच्या महिन्यात होऊन जाईल’ म्हणाला तर पैसेही पुढच्या महिन्यात द्यावेत.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये सवलत आहे. तिथं अकृषक परवानगीची वेगळी फेरी लागत नाही. ही सवलत फक्त जमिनीच्या वापरापुरती आहे. ले-आऊटचा नकाशा मंजूर करून घेणं तरीही चुकत नाही.

ज्या प्लॉटांना यातलं काहीच नाही, एका सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची नावं चढवलेली आहेत, ती गुंठेवारी. २००१ साली असे प्लॉट नियमित करण्याचा कायदा झाला आणि २०२१ च्या सुधारणेनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्याच्या कक्षेत आणले. शुल्क भरून ते नियमित करता येतात, पण नाल्यात, आरक्षणावर किंवा शासकीय जागेवर पाडलेले प्लॉट त्यातून सुटत नाहीत.

आणि नोटरीच्या कागदावर प्लॉट घेऊ नका. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोटरी केलेला कागद तुम्हाला मालक करत नाही, मग त्यावर गावातल्या कितीही वजनदार माणसांच्या साक्षी असोत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ सुद्धा कर आकारणीचा उतारा आहे. तो हातात आला म्हणजे मालकी आली, असा समज अजूनही फार आहे.

गावातल्या घरांची ड्रोननं मोजणी होऊन सनद मिळाली. ले-आऊटला का नाही?

स्वामित्व योजना गावठाणासाठी आहे. गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं मालकीचा कागदच नव्हता, म्हणून २०२० पासून ती मोजणी सुरू झाली. तुमचा प्लॉट गावठाणाबाहेरच्या गटातला आहे आणि त्याचा हक्क सातबारा व खरेदीखतातून सिद्ध होतो.

ले-आऊटच्या जमिनीतला किती भाग खरोखर प्लॉटांसाठी असतो?

अर्ध्याहून थोडा जास्त. बाकीची जमीन रस्ते, ओपन स्पेस आणि सुविधांच्या जागेत जाते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटला किमान १० टक्के ओपन स्पेस सोडावा लागतो. म्हणजे एक हेक्टरच्या ले-आऊटमध्ये १,००० चौरस मीटर, साधारण पावणेअकरा हजार चौरस फूट. विकणाऱ्यानं त्या जागेचा खर्च प्लॉटांच्या भावात आधीच धरलेला असतो. तुम्ही तुमच्या पंधराशे फुटांसोबत तिचेही पैसे दिलेले आहेत.

मग ओपन स्पेसवर मंदिर, समाजभवन किंवा गाड्यांसाठी शेड बांधता येईल का?

सगळ्यात जास्त भांडणं या प्रश्नावरून होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओपन स्पेस हा सर्व प्लॉटधारकांच्या वापरासाठी मोकळा ठेवलेला भाग आहे. मूळ मालकाला त्यावर नवे प्लॉट पाडता येत नाहीत. समितीला तो भाड्यानं देता येत नाही. लागून असलेल्या प्लॉटवाल्याला आपलं फाटक तिकडे उघडून दुचाकी लावण्याची जागा करता येत नाही. वाचनालय, व्यायामशाळा किंवा लहान मंडप अशी खेळ-करमणुकीची बांधकामं मर्यादित क्षेत्रात करता येतात, पण त्याला नियोजन कार्यालयाची मंजुरी लागते आणि बहुतांश जागा मोकळीच राहावी लागते.

मंदिराबाबत माझं मत अनेकांना रुचत नाही, तरी सांगतो. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्ते, उद्यानं आणि मोकळ्या जागांवर कोणत्याही धर्माचं नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये असा आदेश दिला. एक ओटा, त्यावर मूर्ती, मग टिनाचं छप्पर, मग सभामंडप असं वाढत गेलं की काढायला कोणी धजत नाही आणि लेकरांची खेळायची जागा कायमची जाते. श्रद्धा असेल तर वर्गणी काढून एक प्लॉट विकत घ्यावा आणि परवानगीनं मंदिर बांधावं. असं करणारी माणसं आपल्या भागात आहेत आणि त्या मंदिरांना कधी नोटीस येत नाही.

मोकळी जागा मोकळी ठेवली की ती आपोआप वापरात येते. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी सजवून तिथं आणतात. भुलाबाईची गाणी तिथं होतात, कोजागिरीचं दूध तिथं आटतं, पहाटे म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. कडुनिंब, करंज आणि शिरीष कडेकडेनं लावा, मधली जागा खेळायला सोडा. हिरवळ लावण्याचा खर्च करू नका. एप्रिलमध्ये माणसांना पाणी पुरत नाही तिथं ती जगत नाही.

काळ्या मातीत बांधलेल्या घरांच्या भिंतींना भेगा का पडतात?

कारण ही माती वर्षभर हलते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या पायाखालीही घडतं. घराच्या मधल्या भागाखाली ओल टिकून राहते आणि कडेची माती वाळते, म्हणून एक कोपरा खाली बसतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. गिलावा बदलून ती भरत नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच भेग परत उघडते.

उपाय पायातच आहे. खोदकाम करताना मुरूम किती खोलीवर लागतो ते आधी पाहा. चार-पाच फुटांवर लागत असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया मुरमावर बसवा. बरीच खोल माती असेल तर तळाशी फुगवटा ठेवलेले खांब खाली उतरवून त्यावर बीम टाकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी ही पद्धत विकसित केली, आणि हे खांब साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जातात. खर्च वाढतो, पण घर एकदाच बांधायचं असतं. बीमच्या खाली थोडी पोकळी ठेवावी, म्हणजे फुगणारी माती त्याला वर ढकलत नाही.

मिस्त्री पैसे वाचवण्यासाठी खोदलेलीच काळी माती जोत्यात परत भरायला सांगतो. ते करू देऊ नका. जोत्यात मुरूम भरा, थर देऊन पाणी मारून ठोका. घराभोवती चार-पाच फुटांची फरशी किंवा कोब्याची पट्टी बाहेरच्या उताराची करा, म्हणजे पागोळीचं पाणी पायाशी मुरत नाही. मोठी झाडं भिंतीपासून लांब लावा. उन्हाळ्यात ती मातीतली ओल ओढून घेतात.

भंडारा-गोंदियाकडे, धानाच्या पट्ट्यात, माती वेगळी आहे. तिथं जमिनीत मुरलेलं पाणी आणि तलावाखालची ओल हा मोठा प्रश्न. तिथल्या माणसानं यवतमाळच्या घराचा पाया तसाच उतरवून घेऊ नये.

पंधराशे फुटांच्या प्लॉटवर आपल्या उन्हाळ्याला साजेसं घर कसं बसवायचं?

३० बाय ५० चा प्लॉट म्हणजे १३९.३५ चौरस मीटर. समोर, मागे आणि बाजूला किती जागा सोडायची हे बांधकाम परवानगीच्या नकाशात लिहिलेलं असतं आणि ती सोडावीच लागते. लोकांना ती वाया गेलेली जागा वाटते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हीच जागा घर वाचवते. समोर ओसरी, मागे सांदवाडी, तिथं भांडी घासायची मोरी, तुळस, आणि वाऱ्याला आरपार वाट. भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरात कूलर नुसती दमट हवा फिरवतो. कूलरची हवा आत आली तेवढीच बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी.

पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून तापते. त्या बाजूला झोपायची खोली न ठेवता जिना, न्हाणी किंवा कोठीची खोली ठेवा. खिडक्यांवर छज्जे खोल काढा. स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारला तरी खोलीत फरक जाणवतो. सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीत दुपारी थोडं बसून पाहा: मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलू आणि भिंतींवर ऊन पडू न देणारी पडवी. आपण मातीचं घर बांधणार नाही, पण सावलीचा तो हिशोब सिमेंटच्या घरातही करता येतो. समोरच्या दर्शनी भागाच्या काचेवर लाखभर रुपये घालण्यापेक्षा ते ओसरीवर घालावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

जोतं किती उंच घ्यायचं?

समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड ते दोन फूट. रस्ता पुढे सिमेंटचा होणार असेल तर ती जाडी आधीच धरा. पण स्वतःचा प्लॉट मुरूम टाकून चार फूट उचलू नका. प्रत्येकानं उचलला की सगळं पाणी जुन्या, खाली राहिलेल्या घरात शिरतं, आणि ती घरं बहुतेक वेळा वस्तीत सगळ्यात आधी येऊन राहिलेल्या माणसांची असतात. नाल्या आणि रस्त्याचा उतार एकत्र बसून ठरवा.

सांडपाण्याचं काय करायचं?

भूमिगत गटार बहुतेक ले-आऊटमध्ये नसतं, म्हणून प्रत्येक घराचा सेप्टिक टँक आणि त्याच्यापुढे शोषखड्डा. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी घेत नाही, उलट भरून वर येतो. तो मुरमापर्यंत खोल न्या आणि गिट्टी-विटांनी भरा. सेप्टिक टँकचं पाणी रस्त्याच्या नालीत सोडणं हा शेजाऱ्याच्या दारात आजार सोडण्याचा प्रकार आहे. समितीनं इथं भिडेखातर गप्प बसू नये. बोअर आणि शोषखड्ड्यात किमान ५० फूट अंतर हवं. तुमचं अंतर मोजताना शेजाऱ्याची बोअरही मोजा.

टँक दोन-तीन वर्षांनी उपसायचा, तोही मशीननं. आत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं ते गुन्हा ठरवलं आहे, आणि कायदा नसता तरी दोनशे-पाचशे रुपयांसाठी कुणाचा जीव विषारी वायूत घालणं आपल्या वस्तीत होता कामा नये.

बोअर मारू का? पाणी गोड लागेल का?

आधी गावच्या नळ योजनेचं विचारा. जलजीवन मिशनचं प्रमाण दर माणशी रोज ५५ लिटर आहे. ले-आऊट योजनेच्या आराखड्यात धरलेला आहे की नाही हे ग्रामपंचायतीत कळतं आणि धरलेला नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडावा लागतो.

बोअरचं पाणी जागेवर अवलंबून आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा आहे. तिथं पाणी लागलं तरी तोंडात धरवत नाही आणि बांधकामालाही चांगलं नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराईड जास्त आहे. ते चवीवरून कळत नाही, लेकरांच्या दातांवर डाग पडल्यावर कळतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असेल तर ते पाणी पिऊ नये. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देणं फिल्टर विकत घेण्याच्या आधीचं काम आहे. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांनी पाणी इतकं खोल नेलं आहे की नवी बोअर कोरडी जाण्याचीच भीती जास्त. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

छपराचं पाणी मात्र प्रत्येकाच्या हातातलं आहे. एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ९०० मिलिमीटर पावसात ८० हजार लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातलं निम्मं टाक्यात किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात उतरवलं तरी एप्रिल सुसह्य होतो.

ग्रामपंचायत आमच्या ले-आऊटचे रस्ते आणि दिवे का करत नाही?

बहुतेक वेळा ले-आऊट ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपंचायतीकडे हस्तांतरित झालेलाच नसतो. रस्ते आणि ओपन स्पेस विकसित करून स्थानिक संस्थेच्या ताब्यात देणं ही ले-आऊट पाडणाऱ्याची जबाबदारी. प्लॉट विकून तो मोकळा झाला की माणसं वर्षानुवर्षं चिखलात राहतात. घरपट्टी मात्र लागू होते. मंजुरीच्या आदेशातल्या अटी वाचा, त्यात काय काय करून द्यायचं ते लिहिलेलं असतं. आदेश मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेला एकटे न जाता दहा-पंधरा घरांनी मिळून जा.

प्लॉटवरून वीजतार गेली आहे. खाली घर चालेल का?

११ केव्हीच्या तारेपासून घराला आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर लागतं. ३३ केव्हीला आडवं २ मीटर. एक मजला बसतो म्हणून बांधलं आणि पुढे वर चढवलं की गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई तारेच्या हातभर अंतरावर येते. असा प्लॉट टाळावा. घेतलाच असेल तर तार हलवण्याचा अर्ज महावितरणकडे बांधकामाआधी द्या.

सोलरबद्दल विचारणारे वाढले आहेत. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. शेजाऱ्याच्या पॅनेलवर आपल्या टाकीची सावली पडणार नाही एवढं टाकी चढवताना पाहावं.

लागूनच वावर आहे. फवारणीचा आणि ढोरांचा त्रास होतो, तक्रार कुठे करायची?

आधी शेतकऱ्याकडे जाऊन बसा. वावर तिथं आपल्या आधीपासून आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा धोका सगळ्यात जास्त फवारणाऱ्यालाच आहे हे विसरू नये. आमच्याकडे एवढंच ठरलं आहे की फवारणीच्या आदल्या संध्याकाळी तो निरोप देतो, आम्ही त्या बाजूच्या खिडक्या लावतो, टाक्या झाकतो आणि कपडे आत घेतो. धुऱ्यापासून आतल्या बाजूला करंजाची दाट रांग लावली की फवाराही कमी येतो.

पांदण रस्त्यावर गाडी लावू नका, त्यावर पायऱ्या काढू नका, बांधकामाची रेती टाकू नका. बंडी आणि ट्रॅक्टर त्याच वाटेनं वावरात जातात. पेरणीच्या दिवशी वाट अडली तर त्याचं वर्षाचं नुकसान होतं. ढोरं आत येऊ नयेत म्हणून काटेरी तारेऐवजी फाटक लावा.

रिकाम्या प्लॉटांवर गवत वाढलं आहे, साप निघतात. मालक बाहेरगावी.

पावसाळ्यात हा रोजचा प्रश्न. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटलं पाहिजे. मालकाला फोन करून वर्षातून दोनदा साफसफाईचा खर्च मागा. बहुतेक जण देतात, कारण प्लॉटवर लक्ष ठेवणारं कोणी आहे याचं त्यांना बरंच वाटतं. नाग, घोणस, मण्यार हे तिन्ही विषारी साप आपल्याकडे आहेत. विटांचे आणि पऱ्हाटीचे ढीग घराला लागून ठेवू नका, रात्री टॉर्चशिवाय अंगणात जाऊ नका, मण्यारीपासून वाचण्यासाठी जमिनीवर झोपणं टाळा. साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखान्यात जा.

कूलर, लाऊडस्पीकर, लग्नाचा मांडव, यांचे काही नियम?

कूलर आपल्या हद्दीत ठेवा, पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर ठिबकू देऊ नका. लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. रस्त्यावर मांडव टाकायचा तर ग्रामपंचायतीला कळवून, आणि एका बाजूनं रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडून. मांडवाचे खांब सिमेंट रस्त्यात खड्डे पाडून रोवू नयेत, रेतीच्या डब्यांत उभे राहतात.

समितीचे हे नियम कुणावर बंधनकारक आहेत का? भाडेकरूंनाही बैठकीत बोलता येतं का?

रस्ता, नाली आणि ओपन स्पेसवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमानं पंचायतीला दिलेला आहे, समितीला नाही. समिती अर्ज करू शकते, पाठपुरावा करू शकते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदवता येते. तसं केलं की बँकेत खातं उघडतं आणि वर्गणीचा हिशोब सगळ्यांना दिसतो. बाकीचे नियम, म्हणजे कचरा, कूलर, फवारणीचे निरोप, हे आपसातल्या मान्यतेवर चालतात.

भाडेकरूंना आमच्या बैठकीत बोलता येतं आणि मतही देता येतं, फक्त ओपन स्पेस व मालमत्तेच्या खर्चाचे विषय सोडून. गावच्या मतदार यादीत नाव असेल तर ग्रामसभेत ते घरमालकाइतकेच हक्कदार असतात. पहिल्या बैठकीला येताना भाडेकरारासोबत मतदार यादीतलं नाव या गावात आणण्याचा अर्जही भरून आणा. तो भरायला समितीतलं कोणीही मदत करतं.